‘कमी होणे’ इंग्रजीत लिहिताना : कोणता शब्द, कोणत्या क्रमाने आणि चूक नेमकी कुठे होते

मराठीतून इंग्रजीत गेलेला मजकूर तपासायला घेतला की एक शब्द पानोपानी भेटतो : ‘रिड्यूस’. पाऊस रिड्यूस होतो, ताप रिड्यूस होतो, विद्यार्थी रिड्यूस होतात, लोकांचा उत्साहही रिड्यूस होतो. लिहिणाऱ्याला व्याकरण येत असतं, शब्दही पुष्कळ माहीत असतात. चुकतो तो क्रम. मनात ‘कमी’ आलं की लगेच त्याचा प्रतिशब्द शोधायचा, कोशात दिसलेल्या वीस शब्दांतला एक उचलायचा आणि मग त्याच्याभोवती वाक्य बांधत बसायचं, अशी बहुतेकांची पद्धत असते. शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात आणि निवडल्यावर आणखी दोन-तीन तपासाव्या लागतात. खालचे टप्पे त्या क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा गाळलात तर पुढचा नीट बसणार नाही.

तयारी : कोश आणि वही

इंग्रजी-मराठी कोश या कामाला अपुरा पडतो, कारण त्यात ‘रिड्यूस’, ‘डिक्लाइन’, ‘सबसाइड’, ‘मिटिगेट’ या सगळ्यांपुढे ‘कमी करणे, कमी होणे’ असंच लिहिलेलं असतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेले कोश घ्या. त्यांत क्रियापद सकर्मक की अकर्मक हे प्रत्येक अर्थापुढे दिलेलं असतं आणि उदाहरणं पूर्ण वाक्यांत असतात. नोंद वाचताना आधी ती खूण पाहा, मग उदाहरणं, आणि अर्थ शेवटी.

वहीत प्रत्येक क्रियापदापुढे तीन गोष्टी लिहा : करणे की होणे, कशाबरोबर येतं, आणि भूतकाळाची रूपं. रूपं आत्ताच पाठ करून टाका. ‘फॉल, फेल, फॉलन’. ‘श्रिंक, श्रँक, श्रंक’. ‘लूझ, लॉस्ट, लॉस्ट’. ‘कट’ तिन्ही ठिकाणी ‘कट’. ‘कटेड’ असं रूप नाही, आणि ‘फेल्ड’ लिहिलंत तर झाडं तोडली असा अर्थ होतो.

उच्चाराच्याही तीन खुणा करून ठेवा. ‘डिक्रीस’च्या शेवटी ‘स’ आहे, आपण सर्रास ‘डिक्रीज’ म्हणतो ते चूक. तो क्रियापद असेल तेव्हा जोर ‘क्रीस’वर आणि नाम असेल तेव्हा जोर पहिल्या अवयवावर, ‘डी’वर. ‘लेसन’ या क्रियापदाचा उच्चार धड्याच्या ‘लेसन’सारखाच आहे, स्पेलिंग मात्र वेगळं. आणि गमावणं म्हणजे ‘लूझ’, त्यात एकच ओ. दोन ओ घातले की तो ‘लूस’ होतो, म्हणजे सैल.

टप्पा १ : मराठी वाक्यातून ‘कमी’ काढून टाका

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि बाकीचं निम्मं काम इथेच होऊन जातं.

‘कमी’ हा आपला आळशी शब्द आहे. मराठीला तो एकच शब्द येतो असं मुळीच नाही. पूर ओसरतो, ताप उतरतो, विहीर आटते, गर्दी पांगते, हजेरी रोडावते, प्रकृती खालावते, वेग मंदावतो, उत्साह मावळतो, रंग विटतो, केस विरळ होतात, धातू झिजतो, खर्चाला कात्री लागते, गुन्ह्यांना आळा बसतो. इंग्रजीही नेमकं असंच करते, प्रत्येक गोष्टीच्या उतरण्याला तिच्याकडे वेगळं क्रियापद आहे. म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्य ‘कमी’ न वापरता पुन्हा लिहा. ‘पुराचं पाणी कमी झालं’ यातून कोश तुम्हाला ‘रिड्यूस’कडे नेईल. ‘पुराचं पाणी ओसरलं’ लिहिलंत तर पाणी मागे हटतंय हे डोळ्यांपुढे येतं, आणि ‘रिसीड’ सापडायला वेळ लागत नाही.

ही युक्ती भाषांतर करणाऱ्यांनाच नव्हे, थेट इंग्रजीत लिहिणाऱ्यांनाही उपयोगी आहे. विचार मराठीत होत असेल तर तो नेमका होऊ द्या.

*तपासणी :* नवीन मराठी वाक्यात ‘कमी’ नाही ना? ‘कमी’शिवाय वाक्य जमतच नसेल तर बहुधा तिथे नुसता आकडा किंवा दर आहे. अशा वेळी ‘घटणे’ किंवा ‘घटवणे’ लिहा. इंग्रजीतही तिथे ‘फॉल’, ‘डिक्रीस’, ‘रिड्यूस’ हे साधे शब्दच लागतील.

टप्पा २ : कुणी कमी केलं, की आपोआप झालं?

आता वाक्याचा कर्ता पाहा. ‘करणे’ आणि ‘होणे’ हा फरक मराठीत क्रियापदातच दिसतो. इंग्रजीत काही क्रियापदं फक्त एका बाजूची आहेत, काही दोन्ही बाजूंची, आणि शब्दाकडे नुसतं पाहून ते कळत नाही.

फक्त ‘करणे’ : रिड्यूस, कट, लोअर, कर्टेल, कर्ब, मिटिगेट, ॲलीव्हिएट, रिलीव्ह, मिनिमाइझ, स्लॅश, ट्रिम. यांना कर्म लागतंच.

फक्त ‘होणे’ : फॉल, डिक्लाइन, ड्विंडल, सबसाइड, रिसीड, वेन, एब. यांना कर्म चालत नाही आणि यांचा कर्मणी प्रयोगही होत नाही.

दोन्हीकडे चालणारे : डिक्रीस, ड्रॉप, डिमिनिश, लेसन, ईझ, श्रिंक, नॅरो, शॉर्टन.

‘रिड्यूस’ला ‘होणे’च्या अर्थाने वापरलेलं काही ठिकाणी आढळेल. पातेल्यातला रस आटतो तेव्हा इंग्रजीत तो ‘रिड्यूस’ होतो, हे अगदी बरोबर आहे. पण ‘द पेन रिड्यूस्ड’, ‘द क्राउड रिड्यूस्ड’ ही वाक्यं इंग्रजी वाचणाऱ्याला अर्धवट वाटतात. कुणी रिड्यूस केलं, हा प्रश्न त्याच्या मनात राहून जातो. लेखनात ‘रिड्यूस’ नेहमी ‘करणे’च्या बाजूला ठेवा. करणारा माहीत नसेल तर ‘वॉझ रिड्यूस्ड’ म्हणा, आणि करणारा कुणी नसेलच तर दुसरं क्रियापद घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक ‘डिक्लाइन’ची. ‘डिक्लाइन’च्या पुढे कर्म आलं की त्याचा अर्थ ‘नकार देणे’ होतो. व्यवहाराच्या एका पत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की तुमच्यासाठी आम्ही दर उतरवले आहेत, आणि वाक्य होतं ‘वी हॅव डिक्लाइन्ड युअर रेट्स’. समोरच्याला हे वाचून वाटलं असतं की त्याचे दर नाकारले गेले. सवलत द्यायला निघालेलं पत्र नकार देऊन आलं असतं. दुरुस्ती एका शब्दाची होती : ‘वी हॅव लोअर्ड युअर रेट्स’. पण आधी लिहिणाऱ्याशी बोलून त्याला काय म्हणायचं आहे ते विचारावं लागलं, कारण इंग्रजी वाक्य व्याकरणात निर्दोष होतं.

*सावधान :* ‘लोअर’ आणि ‘फॉल’ ही जोडी कायम एकत्र लक्षात ठेवा. माणूस किंमत ‘लोअर’ करतो, किंमत ‘फॉल’ होते. ‘द प्राइस लोअर्ड’ आणि ‘दे फेल द प्राइस’ ही दोन्ही वाक्यं चूक आहेत.

*तपासणी :* क्रियापदानंतर लगेच ‘काय?’ असा प्रश्न विचारा. ‘वी रिड्यूस्ड’, काय? ‘द कॉस्ट’. उत्तर आहे, वाक्य उभं राहतं. ‘द टेंपरेचर रिड्यूस्ड’, काय? उत्तर नाही, म्हणजे क्रियापद बदला.

टप्पा ३ : आता शब्द निवडा, पण नामाकडे पाहून

इंग्रजीत ही क्रियापदं ठरावीक नामांबरोबर फिरतात. त्यामुळे ‘कोणता शब्द जास्त चांगला’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘या नामाबरोबर कोणता येतो’ असं विचारा.

*मोजता येणाऱ्या गोष्टी.* किंमत, तापमान, संख्या, दर, विक्री यांना ‘फॉल’, ‘ड्रॉप’, ‘गो डाउन’ पुरतात. ‘डिक्रीस’ थोडा अहवाली आहे. ‘डिक्लाइन’मध्ये हळूहळू उतरती कळा लागल्याची छटा असते, म्हणून एका दिवसात उतरलेल्या तापमानाला तो शोभत नाही. ‘ड्विंडल’ म्हणजे रोडावत रोडावत संपायला येणं. सदस्य, साठा, बचत यांना तो छान बसतो. ‘सडनली ड्विंडल्ड’ मात्र लिहू नका, कारण त्या शब्दातच सावकाशपणा आहे.

*दुखणं आणि आजार.* इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि डॉक्टरांशी बोलताना तो परवडत नाही. वेदना ‘ईझ’ होते किंवा ‘सबसाइड’ होते. सूज ‘गोज डाउन’. ताप ‘कम्स डाउन’. औषधाचा अंमल उतरतो त्याला ‘वेअर ऑफ’. गोळीने दुखणं थांबवलं तर ती ‘रिलीव्ह’ करते. मोठ्या प्रमाणावरचं दुःख, दारिद्र्य, हाल हलके करायचे असतील तर ‘ॲलीव्हिएट’. वजनासाठी ‘लूझ वेट’ हेच. ‘आय रिड्यूस्ड फाइव्ह केजी’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण लिहायचं ‘आय लॉस्ट फाइव्ह केजी’.

*सावधान :* ‘द फीव्हर केम डाउन’ म्हणजे ताप उतरला. ‘ही केम डाउन विथ अ फीव्हर’ म्हणजे त्याला ताप आला. मध्ये एक ‘विथ’ आला आणि अर्थ बरोबर उलटा झाला. ‘गो डाउन विथ’चंही तसंच. ‘रिलीव्ह’मध्येही असाच एक सापळा आहे : ‘ही वॉझ रिलीव्ह्ड ऑफ हिज ड्यूटीज’ म्हणजे त्याला पदावरून दूर केलं. कामाचा भार हलका केला असं म्हणायचं असेल तर ‘हिज वर्कलोड वॉझ लायटन्ड’.

*पाऊस, वारा, पाणी, आवाज.* जोर ओसरण्याची ही क्रियापदं आहेत. पावसाला ‘ईझ ऑफ’ किंवा ‘लेट अप’, वारा आणि गलबला यांना ‘डाय डाउन’, पुराला ‘रिसीड’ किंवा ‘सबसाइड’, भरतीच्या पाण्याला ‘एब’. वादळ किंवा गोंगाट यांच्याबद्दल औपचारिक लेखनात ‘अबेट’ येतो. बोलताना तो वापरलात तर पुस्तकी वाटेल. यंत्राचा आवाज बारीक करायचा तर ‘टर्न डाउन’, स्वतःचा आवाज खाली आणायचा तर ‘लोअर युअर व्हॉइस’.

*न दिसणाऱ्या गोष्टी.* महत्त्व, प्रभाव, अधिकार यांना ‘डिमिनिश’. परिणाम, धोका, धक्का यांना ‘लेसन’. आस्था, लोकप्रियता, उत्साह मावळतो त्याला ‘वेन’; चंद्रकला क्षीण होतात त्यालाही हाच शब्द. विश्वासाची झीज होते त्याला ‘इरोड’. एखादी हानी पूर्ण टळत नाही पण तिची झळ सौम्य करता येते, तिथे ‘मिटिगेट’. हे क्रियापद धोका, नुकसान, परिणाम अशा नकोशा गोष्टींसाठीच आहे, ‘मिटिगेट द सॅलरी’ असं होत नाही. त्याच्या जवळचा दिसणारा ‘मिलिटेट अगेन्स्ट’ हा अगदी वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीच्या आड येणं.

*खर्च, सवयी, हक्क.* खर्चाला कात्री लावली तर ‘कट’. थोडी छाटणी केली तर ‘ट्रिम’. एकदम मोठा घाव घातला तर ‘स्लॅश’. सवयीचं प्रमाण आवरायचं तर ‘कट डाउन ऑन’ : ‘ही हॅज कट डाउन ऑन स्मोकिंग’. यातला ‘ऑन’ सोडू नका. ‘कट आउट’ केलंत तर ती गोष्ट पूर्ण बंद झाली असा अर्थ होतो. हक्क, स्वातंत्र्य, ठरलेला दौरा आखडता घेतला तर ‘कर्टेल’. महागाई, गुन्हे, वाढता खर्च यांना आळा घातला तर ‘कर्ब’. मृत्युदंडाची जन्मठेप झाली तर ‘कम्यूट’, आणि त्याच्यापुढे ‘टू’.

*आकार, अंतर, लांबी.* कपडा आखडतो तो ‘श्रिंक’. दोन आकड्यांतली दरी ‘नॅरो’ होते. लांबी आणि कालावधी ‘शॉर्टन’ करतात, ‘रिड्यूस द लेंग्थ’ही चालतं. ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती ‘अब्रिज’ केलेली असते. रंग ‘फेड’ होतो, उजेड ‘डिम’ होतो, केस ‘थिन’ होतात.

चलनाबद्दल लिहिणाऱ्यांनी एक भेद पाळावा. बाजारात चलनाची किंमत घसरली तर ते ‘डिप्रिशिएट’ झालं. सरकारने ठरवून खाली आणली तर ते ‘डिव्हॅल्यू’ केलं. दुसऱ्या टप्प्यातला होणे-करणे हाच भेद इथे पुन्हा आला आहे.

आणि एक शब्द जपून वापरा : ‘मिनिमाइझ’. तो ‘रिड्यूस’चा रुबाबदार अवतार नाही. त्याचा अर्थ शक्य तितक्या तळाला नेणं. ‘मिनिमाइज्ड बाय टेन पर्सेंट’ किंवा ‘स्लाइटली मिनिमाइज्ड’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही. गोष्ट एक तर किमान पातळीवर गेली असते किंवा गेलेली नसते.

*तपासणी :* कोशातली दोन उदाहरणं उघडा. तुमचं नाम किंवा त्याच्या जातीचं नाम त्यांत आहे का? नसेल तर शब्द कितीही आवडला असला तरी सोडा.

टप्पा ४ : बाय, टू, इन, ऑफ

चुकीचं क्रियापद खटकतं. चुकीचं शब्दयोगी अव्यय खटकत नाही, आकडा मात्र बदलून टाकतं. म्हणून मी या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ देते.

इथे मराठी प्रत्ययच तुम्हाला उत्तर देतात. ही जुळणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

‘-ने’, ‘-नी’ असेल तर ‘बाय’. संख्या ४० ने घटली : ‘फेल बाय फॉर्टी’.
‘-वर’ असेल तर ‘टू’. संख्या ४० वर आली : ‘फेल टू फॉर्टी’.
‘-वरून’ असेल तर ‘फ्रॉम’. संख्या १०० वरून ४० वर आली : ‘फेल फ्रॉम अ हंड्रेड टू फॉर्टी’.
नामाला ‘-त’ असेल तर ‘इन’. संख्येत घट : ‘अ फॉल इन द नंबर’.
आकड्याला ‘-ची’ असेल तर ‘ऑफ’. ४० ची घट : ‘अ फॉल ऑफ फॉर्टी’.

आता १०० पासून सुरुवात करून पाहा. ‘बाय फॉर्टी’ म्हणजे उरले ६०. ‘टू फॉर्टी’ म्हणजे उरले ४०. दोन अक्षरांच्या शब्दाने वीसचा फरक पडला. हीच चूक औषधाच्या मात्रेत किंवा पगाराच्या पत्रात झाली तर काय होईल याचा विचार करा. मात्रा ‘रिड्यूस बाय टेन मिलिग्रॅम’ आणि ‘रिड्यूस टू टेन मिलिग्रॅम’ या दोन वेगळ्या सूचना आहेत.

ही चूक एका ठिकाणी लपून राहते. निम्म्याने घटलं काय आणि निम्म्यावर आलं काय, उत्तर एकच. ‘बाय हाफ’, ‘टू हाफ’ दोन्ही खरे. त्यामुळे ज्यांनी पहिली उदाहरणं ‘हाफ’ची सोडवली त्यांना फरक कळतच नाही आणि पुढे ‘अ थर्ड’ आला की घसरतात. सराव करताना अर्धा कधीच घेऊ नका. एक तृतीयांश घ्या. आणि निम्मं झालंच असेल तर ‘हॅल्व्ह’ हे सुटसुटीत क्रियापद आहेच.

*टक्के आणि टक्केबिंदू.* दर २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला. किती घटला? वजाबाकीने ५ टक्केबिंदू, म्हणजे ‘फाइव्ह पर्सेंटेज पॉइंट्स’. पण मूळ २० च्या तुलनेत ५ म्हणजे चतुर्थांश, म्हणून घट २५ टक्के. ‘फेल बाय फाइव्ह पर्सेंट’ लिहिलंत तर नवा दर १९ टक्के होतो. ज्याची घट सांगायची ती गोष्टच टक्क्यांत असेल तर ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ लिहा, किंवा वाद नको असेल तर ‘फ्रॉम ट्वेंटी टू फिफ्टीन पर्सेंट’ असे दोन्ही आकडे द्या. मी स्वतः दुसरा मार्ग घेते.

*वाढ मंदावणं म्हणजे घट नव्हे.* महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला तर ‘इन्फ्लेशन फेल’. किमती मात्र चढतच आहेत, फक्त आधीपेक्षा सावकाश. तिथे ‘प्राइसेस फेल’ लिहिणं खोटं आहे. लोकसंख्यावाढ, विक्रीतली वाढ, रुग्णवाढ या सगळ्यांना हेच लागू. ‘ग्रोथ स्लोड’ आणि ‘सेल्स फेल’ यांतलं एकच वाक्य तुमच्या आकड्यांना लागू पडेल. कोणतं, ते आकडे पाहून ठरवा, बातमीच्या सुरावरून नको.

*‘तिपटीने कमी’ हा प्रयोग टाळा.* मराठीत तो संदिग्ध आहेच, इंग्रजीत ‘थ्री टाइम्स लेस’ही तितकाच संदिग्ध. ‘वन थर्ड ऑफ’ लिहा, वाचणाऱ्याला गणित करावं लागत नाही.

*तपासणी :* आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि फरक हे तिन्ही कागदावर मांडा. वाक्यातला आकडा यांतला कोणता? फरक असेल तर ‘बाय’ किंवा ‘ऑफ’, नंतरचा असेल तर ‘टू’.

टप्पा ५ : वेग आणि प्रमाण

हा टप्पा छोटा आहे. ‘स्लाइटली’, ‘ग्रॅज्युअली’, ‘स्टेडिली’, ‘शार्पली’ ही क्रियाविशेषणं साध्या क्रियापदांना लावा. ‘प्लमेट’ आणि ‘प्लंज’ यांत कोसळण्याचा वेग आधीच आहे, त्यांना ‘शार्पली’ जोडू नका. ‘डिप’ म्हणजे थोडा वेळ खाली जाऊन परत वर येणं; आलेख पुन्हा वर गेला नसेल तर तो शब्द वापरता येत नाही. उतरून स्थिरावला तर ‘लेव्हल ऑफ’.

आयईएलटीएसच्या ॲकॅडेमिक परीक्षेत पहिल्या लेखनकार्यात आलेखाचं वर्णन किमान १५० शब्दांत करायचं असतं. तिथे दर वाक्याला नवा शब्द आणायच्या हट्टापायी ‘डिमिनिश’, ‘अबेट’, ‘वेन’ आकड्यांना चिकटवलेले मी नेहमी पाहते. त्यापेक्षा एकदा ‘फेल शार्पली’ आणि पुढच्या वाक्यात ‘अ शार्प फॉल इन’ करा. शब्द तोच, रचना वेगळी, आणि चुकायची भीती नाही.

नाम करताना प्रत्येक क्रियापदाला नाम असेलच असं धरू नका. ‘अ रिड्यूस इन’ होत नाही, ‘अ रिडक्शन इन’ होतं. ‘अ डिमिनिश’ आणि ‘अ लेसन’ अशी नामं नाहीत. ‘फॉल’, ‘ड्रॉप’, ‘कट’, ‘डिक्लाइन’, ‘डिक्रीस’ मात्र तशीच्या तशी नाम होतात.

टप्पा ६ : क्रियापद नसलेला ‘कमी’

आतापर्यंत ‘कमी होणे’ पाहिलं. पण ‘पगार कमी आहे’, ‘वेळ कमी आहे’ यांतला ‘कमी’ विशेषण आहे, आणि त्याला आपण डोळे झाकून ‘लेस’ लावतो. ‘लेस’ तुलना करतो. कशापेक्षा तरी कमी असेल तेव्हाच तो येतो. तुलना नसेल तर :

पगार, किंमत, वेग, तापमान, हजेरी, पातळी यांना ‘लो’. ‘द सॅलरी इज लो’. किंमत ‘चीप’ नसते, वस्तू ‘चीप’ असते. वेग ‘स्लो’ नसतो, गाडी ‘स्लो’ असते.
वेळ अपुरा आहे : ‘वी डोन्ट हॅव मच टाइम’, किंवा औपचारिकात ‘वी हॅव लिटल टाइम’.
कमी दिसतं : ‘पुअर आयसाइट’. कमी ऐकू येतं : ‘हार्ड ऑफ हिअरिंग’.
उजेड कमी : ‘डिम’. आवाज कमी : ‘फेंट’. पाऊस कमी : ‘लाइट’.

तुलना असेल तर मोजता येणाऱ्या नामांना ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’. ‘फ्यूअर मिस्टेक्स’, ‘लेस नॉइज’. बोलण्यात पुष्कळ इंग्रजी भाषकही ‘लेस पीपल’ म्हणतात, पण परीक्षेत आणि कार्यालयीन लेखनात ‘फ्यूअर पीपल’च लिहा. अंतर, वेळ, पैसा, वजन मात्र आकड्यात असूनही एकसंध मानतात : ‘लेस दॅन ट्वेंटी किलोमीटर्स’, ‘लेस दॅन फाइव्ह मिनिट्स’. तिथे ‘फ्यूअर’ घालणं हा अतिदक्षतेतून होणारा दोष आहे.

*सावधान :* ‘लेसर दॅन’ असं काही नाही. ‘लेसर’ कमी महत्त्वाचं किंवा कमी प्रतीचं दाखवतो, नामाआधी येतो : ‘टू अ लेसर एक्स्टेंट’. तुलनेला ‘लेस दॅन’. आणि ‘फ्यू’ व ‘अ फ्यू’ एक नव्हेत : ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसं कुणी आलं नाही, ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे काही जण आले.

एक उतारा, सुरुवातीपासून

मूळ मजकूर असा होता : ‘गेल्या आठवड्यात पाऊस कमी झाला. पुराचं पाणीही कमी झालं. छावणीतल्या लोकांची संख्या ९०० वरून ३०० पर्यंत कमी झाली. तापाचे रुग्ण कमी झाले आणि प्रशासनाने मदतकेंद्राची वेळ दोन तासांनी कमी केली.’

पाच वाक्यांशांत पाच ‘कमी’. पहिल्या भाषांतरात पाचही ठिकाणी ‘रिड्यूस’ होता, आणि शेवटी ‘रिड्यूस्ड टू टू अवर्स’. म्हणजे मदतकेंद्र दिवसाला फक्त दोन तास उघडं राहणार, असा निरोप गेला असता.

टप्पा १ : पाऊस ओसरला, पूर उतरला, संख्या घटली, रुग्ण आधीपेक्षा थोडे आढळले, वेळ आखडली. टप्पा २ : पहिल्या तिघांत कुणी काही केलेलं नाही, शेवटच्यात प्रशासनाने केलं आहे, चौथ्यात तर क्रियापदाची गरजच नाही. टप्पा ३ : ‘ईझ ऑफ’, ‘रिसीड’, ‘फॉल’, ‘कट’. टप्पा ४ : ९०० ‘वरून’ म्हणून ‘फ्रॉम’. ‘३०० पर्यंत’ जरा फसवं आहे, पण ३०० हा नंतरचा आकडा, म्हणून ‘टू’. दोन तासां‘नी’, म्हणून ‘बाय’. टप्पा ६ : रुग्ण मोजता येतात, म्हणून ‘फ्यूअर’.

तयार मजकूर : ‘द रेन ईज्ड ऑफ लास्ट वीक, अँड द फ्लडवॉटर रिसीडेड. द नंबर ऑफ पीपल इन द कॅम्प फेल फ्रॉम नाइन हंड्रेड टू थ्री हंड्रेड. फ्यूअर फीव्हर केसेस वेअर रिपोर्टेड, अँड द अथॉरिटीज कट द रिलीफ सेंटर्स डेली अवर्स बाय टू.’

‘रिड्यूस’ एकदाही आला नाही. तो वाईट शब्द आहे म्हणून नव्हे. शेवटच्या वाक्यात तो ‘कट’च्या जागी चालला असता, ‘कट’ला एक कठोर धार आहे, आणि प्रशासनाच्याच निवेदनात मी ‘रिड्यूस्ड’ ठेवला असता.

पाठवण्यापूर्वी

मजकूर पूर्ण झाला की एकदा उलट्या दिशेने जा. इंग्रजी वाक्य वाचा, मूळ न पाहता ते मराठीत सांगा, आणि मग मूळ उघडा. ‘डिक्लाइन’चा नकार, ‘केम डाउन विथ’चा ताप, ‘टू’ आणि ‘बाय’ची अदलाबदल या चुका इंग्रजी वाचताना डोळ्यांखालून सहज निसटतात, मराठीत सांगायला गेलात की लगेच पकडल्या जातात. आकडे असलेली वाक्यं दुसऱ्या कुणालातरी वाचून दाखवा आणि विचारा : आता उरले किती? त्याने सांगितलेला आकडा तुमच्या कागदावरच्या नंतरच्या आकड्याशी जुळला तरच मजकूर पाठवा.